आर्वीचे तुकडे

वर्धा,
३ नोव्हेंबर २००८

दादा,

मोबाईलचं दुकान चालवणाऱ्या सख्ख्या भावाशी बोलायला पोस्टाचं तिकीट लावावं लागतंय, याची कोणाला तरी लाज वाटू दे. तुला की मला, ते तू ठरव. भाऊबीजेपासून मी फोन करते आहे आणि तू कापतो आहेस. परवा कॉलेजच्या फोनवरून केला तर 'हॅलो' म्हणालास, माझा आवाज ऐकलास आणि ठेवून दिलास. ठीक आहे. पत्र कापता येत नाही. फाडता येतं, पण फाडणाराही आधी वाचतोच.

भाऊबीजेला तुझ्या दुकानात मी ओरडत होते आणि तू गिऱ्हाइकाकडे बघत होतास. नीट ऐकू गेलं नसेल, म्हणून पुन्हा सांगते. मे महिन्यात आमच्या प्रयोगशाळेवरचे पत्रे बदलायला काढले. वर्ध्याचं ऊन, त्यात ती धूळ. माझं काम ठेवायला जागा उरली नाही. तू तेव्हा दुकानात नवा एसी बसवला होतास, म्हणून मी पुठ्ठ्याचा नळा आर्वीला आणला आणि तुझ्या वरच्या फळीवर ठेवला. नळ्यात बटर पेपरच्या घड्यांत पारदर्शक पानं होती. दिवाळीला नळा उघडला तर आत नुसता बटर पेपर. पानं गेली कुठे? तर आर्वीच्या मोबाईलांवर! तू ती कापलीस, कडेला गम लावलास आणि स्क्रीन गार्ड म्हणून खपवलीस.

ते प्लास्टिक नव्हतं रे. म्हणजे खाली प्लास्टिकच होतं, पण त्यावर चांदीच्या तारांचं जाळं होतं. तार इतकी बारीक की डोळ्याला दिसतच नाही. म्हणून पान काचेसारखं आरपार दिसतं आणि तरी त्यातून वीज वाहते. तू ते चायनाचे टचवाले मोबाईल विकतोस ना, त्यांच्या वरच्या पडद्यावरही वीज वाहणारा थर असतो, पण तो जरा जास्त वाकवला की तडकतो. माझं पान गुंडाळा, चुरगळा, त्याला काही होत नाही. उद्या घडी घालून खिशात टाकता येईल असा पडदा निघाला, तर त्याला असलंच पान लागेल. बाहेरच्या देशांतसुद्धा हे आत्ता कुठे सुरू झालंय. आणि मी ते इथे, गळक्या छपराखाली करत होते. तारा वाढवायला रसायन काही तास एकाच उष्णतेवर ठेवावं लागतं, आणि मधेच भारनियमन. लाइट गेली की घाणा वाया. वर्षभरात मोजके घाणे साधले. ते सगळे त्या नळ्यात होते.

मार्चअखेर प्रबंध द्यायचा आहे. त्यानंतर नोंदणीची मुदत संपते आणि पीएचडी विसरायची. परीक्षकांनी 'पान दाखवा' म्हटलं तर काय दाखवू, तुझ्या गिऱ्हाइकांचे मोबाईल?

जेवढे तुकडे परत मिळतील तेवढे मिळव. एवढंच मागते आहे.

आणि हो, मी तुला चार गिऱ्हाइकांसमोर चोर म्हणाले. म्हणाले. तेव्हा दुसरा शब्द सापडला नाही आणि आजही सापडलेला नाही.

ज्योत्स्ना


वर्धा,
२४ नोव्हेंबर २००८

दादा,

तुझं उत्तर नाही. वहिनीचा मात्र फोन आला. तू घरी जेवायला गेला होतास, ती दुकानात बसली होती. तिला रागावू नको, नाहीतर मी पुढचं पत्र आईच्या नावानं पाठवीन आणि ते तुलाच मोठ्यानं वाचून दाखवावं लागेल.

वहिनी म्हणाली, "बाई, त्याईले खरंच वाटलं का तुम्ही दुकानासाठी आणलं. अखजीच्या जेवनात तुम्हीच नाई का म्हणल्या, दादा, तुह्या दुकानातल्या एकूनएक मोबाईलवर माहा कागद बसन? वरून त्याईच्या मोबाईलवर लावून बी दाखवला."

मी कपाळावर हात मारला. बसेल म्हणजे कधीतरी बसेल! पंधरा वर्षांनी बसेल! मोठमोठे कारखाने निघतील, यंत्रं येतील, तेव्हा बसेल! अक्षय्य तृतीयेचं जेवण, समोर आमरस होता, आई कौतुकानं बघत होती, मारली मी फुशारकी. फुशारकी मारणाऱ्या माणसाचा माल कोणी लगेच कापायला घेतं का? आणि समजा तुला वाटलं तसं. तर एक फोन करून विचारायचं. 'ज्योत्स्ना, हे लावू का?' तेव्हा तर आपण बोलत होतो.

पण तू विचारणार नाहीस. घरात तू कधी कोणाला काही विचारलं आहेस? बाबा गेल्यावर कटलरीचं दुकान मोडून मोबाईलचं केलंस, तेव्हा विचारलंस? माझ्या लग्नाचं स्थळ आर्वीतच ठरवून टाकलंस, तेव्हा विचारलंस? मी नाही म्हटलं आणि वर्ध्याला खोली घेतली, तर वर्षभर तोंड फुगवून बसलास. आतासुद्धा तेच चाललं आहे. फुगव.

वहिनीनं आणखी एक सांगितलं. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. नळा उघडताना तू आईला म्हणालास म्हणे, "पोरीनं पह्यल्यांदा घरासाठी काई आनलं."

मी यावर विश्वास ठेवत नाही. वहिनी मनानं चांगली आहे, भांडण मिटावं म्हणून रचून सांगत असेल. आणि खरंच म्हणाला असशील, तर मला जास्तच राग आला आहे. मी घरासाठी काही आणत नाही, हे तुम्ही इतकी वर्षं मनात धरून बसला होतात तर. तोंडावर कोणी बोलला नाहीत.

तुकडे पाठव.

ज्योत्स्ना


वर्धा,
१९ डिसेंबर २००८

दादा,

बिस्किटांचा डबा मिळाला. आर्वी गाडीच्या कंडक्टरनं कॉलेजच्या फाटकावर आणून दिला. आत एका ओळीचीही चिठ्ठी नाही, याबद्दल तुझं अभिनंदन. हट्टीपणाचीही एक पदवी निघायला हवी, तुला ती घरपोच मिळेल.

पण प्रत्येक तुकडा वेगळ्या पुडीत होता आणि पुडीवर तुझ्या अक्षरात माणसाचं नाव, लावल्याचा महिना, काढल्याचा महिना. हे मी मागितलं नव्हतं. कोणाच्या मोबाईलवर कधी काय लावलं, हे तुझ्या डोक्यात असतं हे मला ठाऊक आहे, पण लिहून पाठवशील असं वाटलं नव्हतं. जे चांगलं केलंस त्याला चांगलं म्हणते. त्यापुढे राग आहेच.

रविवारी मी आर्वीला येऊन गेले. घरी आले नाही, दुकानावरूनही गेले नाही, पलीकडच्या गल्लीनं गेले. बाजारात सखूबाईकडे गेले. सखूबाई, म्हणजे घरच्या शेतातली वांगी, कांदे, लसूण घेऊन बसते ती. तिचा तुकडा सगळ्यांत वाईट होता. काळपट, डाग पडलेला. मला तिच्याच तोंडून ऐकायचं होतं तिनं त्याचं काय केलं.

ती हसायला लागली. "मी का करनार वं माय? बोलत होती त्याच्यावर. फवारा मारता मारता फोन आला तं उचलत होती. लसून सोलता सोलता उचलत होती. हाताले घाम, लसनाचा रस, गंधकाची भुकटी, जे असन ते. मोबाईल का देव हाय, आंग धुऊन हात लावाले?"

मग आपणहून म्हणाली, "तुहा भाऊ आलता घरापावतर. दुसरा कागद फुकट लावून देल्ला. मी म्हणलं, काऊन रे बाप्पा, हा तं चांगला हाय. तं म्हणे, बहिनीचा हाय तो, वापस पाह्यजे. मी म्हणलं, मंग बहिनीले यवढा राग हाय का? तं मान खाली घालून गेला."

मला वाटलं होतं, तू दुकानात बसूनच जमवले असशील. तू घरोघर गेलास. गेलास तर मला कळवायचं नाही, हीही तुझी जुनी खोड.

आता ऐक, हे महत्त्वाचं आहे. प्रत्येक तुकड्यातून किती वीज वाहते ते मी मोजलं. मे महिन्यात प्रत्येक पान मोजून ठेवलं होतं, तेव्हा सगळ्यांतून वीज उत्तम वाहत होती. आता वाहत नाही. मल्टीमीटर लावला की काटा हलतच नाही. जाळं तुटलं आहे, चांदी काळी पडली आहे. दोनच तुकडे जिवंत निघाले, सदाशिवराव मास्तरांचे. त्यांचे दोन्ही मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत, वर रबर, आणि ते बोलतातही पिशवीवरूनच.

दादा, तुला हे कळतंय का? मी गेल्या वर्षी नागपूरच्या चर्चासत्रात निबंध वाचला की माझं पान सहा महिने टिकतं. प्रबंधातही तेच लिहिलं आहे. टाळ्या पडल्या होत्या. पण ते सहा महिने पान कुठे होतं? बटर पेपरमध्ये. कपाटात. त्याला माणसाचा हात लागलाच नव्हता. चांदी घामानं काळी पडते, हे आपल्या घरातल्या कुठल्याही बाईला पायातल्या जोडव्यांवरून माहीत आहे. मलाही माहीत होतं. म्हणून तर वरून पातळ लेप दिला होता. लेप पुरेल असं मी धरून चालले. सखूबाईच्या लसणानं तो खाऊन टाकला.

माझं काम नासवलंस म्हणून मी तुझ्यावर चिडले होते. आता ते काम मुळात कच्चं होतं हे तुझ्यामुळे कळलं, म्हणून जास्त चिडले आहे. यात न्याय नाही, हे मला समजतं. पण माझा राग न्यायानं चालत नाही.

ज्योत्स्ना


वर्धा,
१६ जानेवारी २००९

दादा,

मी नागपूरला सरांकडे जाऊन आले. तू त्यांना पाहिलेलं नाहीस. ते माझे मार्गदर्शक, त्यांची सही झाल्याशिवाय प्रबंध पुढे सरकत नाही. माणूस वाईट नाही, पण त्यांना निवृत्तीआधी मला मोकळं करायचं आहे आणि स्वतःलाही.

मी तुकडे टेबलावर मांडले. म्हटलं, सर, 'सहा महिने टिकतं' हे प्रकरण चुकीचं आहे, मला ते बदलायचं आहे. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "हे आर्वीचे तुकडे म्हणजे काही प्रयोग नव्हे. कोणी लावले, कसे लावले, कोणाला माहीत? सोडून दे. प्रबंध आहे तसा दे. पुढचं पुढे."

मी म्हटलं, खोटं आहे सर ते. ते म्हणाले, "खोटं नाही, अपुरं आहे. सगळ्यांचंच असतं."

मी उठायला लागले तेव्हा त्यांनी दुसरी वाट काढली. "एवढंच असेल तर असं लिही की आपण ठरवून हे नमुने आर्वीच्या ग्राहकांना वापरायला दिले. प्रत्यक्ष वापरातली चाचणी. परीक्षक खूश होतील. भावाकडून एक संमतीपत्र घे, मे महिन्याची तारीख टाक."

म्हणजे एक खोटं काढायला दुसरं घालायचं! मी ठरवून काही दिलं नव्हतं. ठरवून दिलं असतं तर मी प्रत्येक तुकडा वेगळा मोजला असता, अर्धे लेप देऊन आणि अर्धे बिनलेपाचे ठेवले असते, सखूबाईला सांगितलं असतं. मी यातलं काही केलं नाही. मी तर दुकानात उभी राहून किंचाळत होते.

मी म्हटलं, सर, जसं झालं तसं लिहीन. सर म्हणाले, "काय लिहिशील? भावानं पळवले? विद्यापीठाच्या ग्रंथालयात कायमचं राहील ते. आणि एवढं करूनही मी सही करीन याची खात्री नाही."

बसमध्ये डोकं भणभणत होतं. सेलूच्या पुढे एका बाईनं विचारलं, 'बरं नाही का?' मी म्हटलं, बरी आहे, राग आला आहे. तिनं खिडकीजवळची जागा दिली.

तर प्रश्न असा आहे. पान घामानं मरतं हे मला लिहायचंच आहे. कोणीतरी माझा निबंध वाचून यावर वर्षं घालवील, तिचंही असंच होईल, आणि तिच्या भावाचं मोबाईलचं दुकान नसेल. पण ते लिहायचं तर तुकडे कुठून आले तेही लिहावं लागेल. म्हणजे तू. तुझं नाव, तुझं दुकान, तू केलंस ते. कच्चा खर्डा मी केला आहे: 'सदर नमुने संशोधिकेच्या भावाने तिच्या परवानगीशिवाय घेतले.'

तुला विचारते आहे. विचारणं म्हणजे काय असतं ते बघून ठेव.

ज्योत्स्ना


वर्धा,
५ फेब्रुवारी २००९

दादा,

तुझा मेसेज आला. तीन महिन्यांनी तुझ्याकडून आलेले पहिले शब्द, तेही इंग्रजी अक्षरांत: 'लिव. चोर लिव.'

मोठा आलास उदार! लोकांनी म्हणावं, बघा, बहिणीसाठी भावानं कपाळावर शिक्का मारून घेतला. मला तुझा त्याग नको आहे. मला काय झालं ते हवं आहे.

मेसेज वाचून मी दिवसभर वर्गात पोरांवर खेकसले. एक पोरगी रडली. मग स्टाफरूममध्ये बसून ते वाक्य पुन्हा काढलं आणि परीक्षकासारखं वाचलं. 'परवानगीशिवाय घेतले.' हे खरं आहे. पण 'सहा महिने टिकतं' हेही असंच खरं होतं ना? कपाटात टिकतंच की! जेवढं मला सोयीचं तेवढंच मोजलेलं.

मी तुला कधी विचारलंच नाही. भाऊबीजेला सरळ शब्द फेकला. नंतर वहिनीनं सांगितलं ते मी उडवून लावलं, कारण ते खरं निघालं असतं तर मला इतकं छान चिडता आलं नसतं.

तर सोबत एक कागद आहे. त्यावर वाक्य टाइप केलं आहे: 'सदर नमुने संशोधिकेच्या भावाने, ते आपल्या दुकानासाठी आणले आहेत असे समजून, तिला न विचारता ग्राहकांच्या मोबाईलवर वापरले.'

हे खरं असेल तर खाली सही कर. नसेल तर करू नको. मला बरं वाटावं म्हणून सही करशील तर ती मला चालणार नाही, आणि रागानं अडवून धरशील तर तीही गोष्ट मला कळेल. वहिनीला विचारू नको, आईला विचारू नको. नळा उघडताना तुझ्या मनात काय होतं ते तुला एकट्यालाच माहीत आहे. अख्खा प्रबंध एका बाजूला आणि हे एका बाजूला. मी या उत्तराला किती घाबरते आहे ते तुला कळणार नाही. खरंच पळवले असशील तर मी ते सहन करीन, वर्षभर तुझ्याशी बोलणार नाही आणि मग बोलेन. पण दुकानासाठीच आणलेत असं समजून घेतले असशील, तर भर दिवाळीत, भर दुकानात, मी काय केलं?

लवकर पाठव. सर मार्चच्या पहिल्या आठवड्यानंतर भेटणार नाहीत.

ज्योत्स्ना


वर्धा,
२ मार्च २००९

दादा,

कागद मिळाला. तुझी सही आहे. मी ती दोनदा उजेडात धरून पाहिली. जुन्या सवयीनं तू खाली दुकानाचा शिक्काही मारला आहेस, विद्यापीठाला तो बघून गंमत वाटेल.

पण सहीच्या वर तू माझ्या वाक्यात पेन चालवलंस. 'वापरले' वर काट मारलीस आणि वर लिहिलंस 'विकले'. आणि समासात: 'वापरले नाई. विकले. खरं लिवाचं तं पुरं लिव.'

मी तो कागद घेऊन डीटीपीवाल्याकडे गेले. त्याला म्हटलं, एक शब्द बदलायचा आहे. तो म्हणाला, "कोणता मॅडम?" मला तो शब्द तोंडानं सांगता येईना, म्हणून कागदच पुढे केला. त्यानं वाचलं आणि म्हणाला, "भाऊ हो म्हणाला का याले?"

मी तुझ्या सहीवर बोट ठेवलं. त्यानं शब्द बदलला, पान छापून दिलं. उद्या ते पान घेऊन नागपूरला जाते आहे. सर सही करतील की नाही मला माहीत नाही. नाही केली तर नोंदणी जाईल, पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागेल. तेही करीन. पण वाक्य हेच राहील, तुझ्या शब्दासकट. त्यातला एक शब्द आता कोणी हलवायचा म्हटला तरी मी हलवू देणार नाही.

आणि डीटीपीच्या त्या दुकानात, झेरॉक्सच्या रांगेतल्या सगळ्या पोरांसमोर मी रडले. भाऊबीजेला तुझ्या दुकानात जेवढी माणसं होती, त्याहून जास्त होती. याबद्दलही मी तुझ्यावर फार चिडले आहे.

ज्योत्स्ना